काकांच्या घराचे कागद कोणत्या खिडकीवर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काकांनी १९८६ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेतलं. गेल्या वर्षी काका गेले. काकूंना आता घर विकून टेक्ससला मुलीजवळ राहायला जायचंय. मूळ डीड, म्हणजे खरेदीखत, सापडत नाही. कर्ज केव्हाच फिटलं असं काकू म्हणतात, पण तसा कागद हाती नाही. शिवाय पुण्याच्या फ्लॅटवरचं नाव बदलायला मृत्यूचा दाखला ॲपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावा असा सरकारी शिक्का घेऊन, हवाय. तुम्ही तीन रात्री इंटरनेटवर घालवल्यात, ‘पब्लिक रेकॉर्ड’ देतो म्हणणाऱ्या दोन साइटना पैसे भरलेत आणि मिळाली ती काकांच्या जुन्या फोन नंबरांची यादी. आता विचारताय, काउंटीत नेमकं जायचं कुठे?

मी वीसहून जास्त वर्षं न्यू जर्सीत टायटल सर्च करते. घर विकलं जाण्याआधी त्याची मागची सगळी कुंडली काढून द्यायची, हे माझं काम. त्या साइटवाल्यांकडे वेगळं काही गुपित नसतं. काउंटीच्या खिडकीवर जे उघडं पडलेलं असतं, त्यातलंच काही जुनं-पानं ते गोळा करून विकतात. तेव्हा पैसे गेले ते गेले. आता कागदाकडे वळू.

आपली पहिली चूक होते ती ‘काउंटी’ या शब्दापाशी. जिल्हा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी येते. एकच आवार, वर एक साहेब, आणि खाली सगळी दप्तरं. इथे तसा साहेबच नाही. न्यू जर्सीत काउंटी क्लार्क लोकांनी निवडून दिलेला, सरोगेट निवडून दिलेला, शेरीफही निवडून दिलेला. प्रत्येकाचं दप्तर स्वतंत्र. एकाच्या खिडकीवर दुसऱ्याच्या कागदाबद्दल विचारलंत तर मान हलते. ते आडमुठेपणाने नव्हे, त्यांना ते खरंच ठाऊक नसतं. म्हणून ‘काउंटीत काय काय मिळतं’ असं विचारू नका. हा कागद जन्माला आला त्या दिवशी तो कोणाच्या टेबलावर ठेवला गेला असेल, एवढंच विचारा.

त्या हिशेबाने तुमचे कागद तीन दिशांना आहेत. डीड आणि मॉर्गेज (कर्जासाठीचं गहाणखत) मिडलसेक्स काउंटीच्या क्लार्ककडे, न्यू ब्रन्सविकला. मृत्युपत्र असेल तर त्याच शहरात, पण सरोगेटकडे. (सरोगेट म्हटलं की आपल्याला भलतंच आठवतं. इथे तो मृत्युपत्रं आणि वारसांचं काम पाहणारा अधिकारी.) आणि मृत्यूचा दाखला काउंटीकडे नाहीच. त्याकडे शेवटी येते.

डीडपासून सुरुवात करा, कारण ते वाचल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. काउंटी क्लार्कचं हे दप्तर म्हणजे आपल्या दुय्यम निबंधकाचं दप्तर समजा. आपल्या इंडेक्स टूमध्ये लिहून देणार आणि लिहून घेणार असतात, तसे इथे ग्रँटर आणि ग्रँटी. दोन निर्देशिका असतात, एक देणाऱ्यांच्या नावाने लावलेली, दुसरी घेणाऱ्यांच्या. काकांनी घर घेतलं, म्हणून १९८६ च्या ग्रँटी निर्देशिकेत काकांचं नाव शोधायचं. त्यापुढे बुक नंबर आणि पान नंबर सापडतो आणि त्या पानावर डीडची नक्कल. सही झाली त्याच दिवशी नोंद होते असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्लोजिंग (खरेदीच्या शेवटच्या सह्या) झालं असेल तर १९८७ चंही पुस्तक उघडा.

याहून सोपी वाट घरपट्टीच्या बिलावर आहे. बिलावर ब्लॉक आणि लॉट असे दोन आकडे असतात. ते आपल्या सर्व्हे नंबरासारखे. न्यू जर्सीतल्या कर आकारणीच्या यादीत ब्लॉक-लॉटपुढे बहुधा शेवटच्या डीडची तारीख, बुक आणि पान दिलेलं असतं. म्हणजे नावाच्या भानगडीत न पडता थेट पानावर जाता येतं. इथेही गंमत बघा. आकारणी करणारा असेसर गावाचा, म्हणजे एडिसन टाउनशिपचा. डीड सांभाळणारा क्लार्क काउंटीचा. ऑनलाइन यादीत काकांचं नाव दिसलं नाही तर घाबरू नका. न्यायाधीश, पोलीस वगैरेंचे घरचे पत्ते झाकण्यासाठी २०२० मध्ये इथे डॅनियल्स लॉ आला आणि त्यानंतर बऱ्याच ऑनलाइन याद्यांतून मालकांची नावंच सरसकट गायब झाली. पत्त्यावरून शोधा.

नावावरूनच शोधायची वेळ आली तर मात्र आपल्या लोकांची परीक्षा असते. देशपांडेतला एच गळालेला मी कितीदा पाहिलाय त्याला मोजदाद नाही. जोशींच्या शेवटी आय आहे की ईई, दोन्ही बघायचं. काकांच्या वडिलांचं नाव वामन असेल आणि क्लोजिंगच्या दिवशी टंकलेखिकेला तेच आडनाव वाटलं असेल, तर नोंद ‘वामन’खाली जाते, आणि वामन कधी व्हीमध्ये सापडतात तर कधी डब्ल्यूमध्ये. त्यातून काकूंचं प्रकरण आणखी खोल. लग्नात नाव बदललेलं, पासपोर्टवर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, आणि डीडवर त्या दिवशी वकिलाने जे विचारलं ते. जुन्या निर्देशिकांत तर बायकांची नावंच नसतात. नवऱ्याच्या नावापुढे ‘एट अक्स’ असे दोन लॅटिन शब्द असतात, म्हणजे ‘आणि पत्नी’. संपली बाई तेवढ्यात. तेव्हा जायच्या आधी घरी बसून काकांच्या आणि काकूंच्या नावांची जितकी रूपं सुचतील तितकी एका कागदावर लिहून काढा. मी हे अजूनही करते.

गावांचीही नावं बदलतात. एडिसन १९५४ पर्यंत एडिसन नव्हतंच, त्याचं नाव रॅरिटन टाउनशिप. घर त्याआधीचं असेल तर मागचे व्यवहार त्या नावाने सापडतील. आणि रॅरिटन नावाची आणखी दोन गावं शेजारपाजारच्या काउंट्यांत आजही आहेत, त्यांत गुंतू नका. काउंट्यांच्या सीमाही सरकल्या आहेत. एका अभ्यासू गृहस्थांनी मला मागे विचारलं होतं, आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या तेव्हा रोझेलला कार्पेंटरबाईंच्या ज्या घरी उतरल्या, त्याचे कागद कुठे मिळतील? रोझेल युनियन काउंटीत, म्हणून एलिझाबेथला जायचं. पण युनियन काउंटी झाली १८५७ मध्ये, एसेक्समधून फुटून. त्याआधीच्या जमिनीचा माग काढायचा तर नेवार्कला एसेक्सच्या दप्तरात. आणि रोझेल हे वेगळं गाव म्हणून उभं राहिलं १८९४ मध्ये. म्हणजे आनंदीबाईंच्या वेळच्या डीडवर गाव म्हणून लिंडन टाउनशिप असणार. ‘रोझेल’ टाइप करून बसलात तर जन्मभर काही सापडायचं नाही.

तर डीड सापडलं असं धरू. मूळ प्रत हरवली त्याची चिंता सोडा. आपल्याकडे मूळ खरेदीखत हरवलं की पोलिसांत तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, वकिलाचं पत्र, असा सोहळा होतो. इथे पुस्तकात नोंदलेली नक्कल हीच खरी. मूळ डीड नोंद झाल्यावर पोस्टाने घरी परत येतं आणि ते कुठल्याशा ड्रॉवरमध्ये पडून राहतं. विकताना ते कोणी मागत नाही. क्लार्ककडून शिक्क्याची प्रत, म्हणजे सर्टिफाइड कॉपी, घेता येते. विक्रीसाठी तीसुद्धा क्वचितच लागते, साधी झेरॉक्स वाचायला पुरते.

वाचताना एकच ओळ नीट बघा, घेणाऱ्यांची. दोघांची नावं आहेत आणि पुढे ‘पती-पत्नी’ अशा अर्थाचे शब्द आहेत का? असतील तर न्यू जर्सीत त्याला टेनन्सी बाय द एन्टायरटी म्हणतात. काका गेल्या क्षणी घर संपूर्ण काकूंचं झालं. त्यासाठी कोर्ट नाही, वारस दाखला नाही, सरोगेट नाही. विकताना काकांचा मृत्यूचा दाखला दाखवला की झालं. डीड एकट्या काकांच्या नावावर असेल तरच सरोगेटची पायरी चढायची. मृत्युपत्र असेल तर ते काका राहत होते त्या काउंटीच्या सरोगेटकडे. (मृत्यूनंतर दहा दिवस गेल्याखेरीज मृत्युपत्र दाखल करून घेत नाहीत. तुमच्या बाबतीत तो प्रश्न उरला नाही.) लोक उलटं करतात. आधी सरोगेटकडे धावतात, फी भरतात, आणि मग डीड काढल्यावर कळतं की या घरासाठी त्याची गरजच नव्हती.

आता कर्ज. तुमच्या सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती याच ओळीची. ‘कर्ज केव्हाच फिटलंय.’ फिटलं असेलच. पण फिटणं वेगळं आणि पुस्तकातून उतरणं वेगळं. सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा आठवा. पैसे भरून दहा वर्षं झाली तरी फेरफार झाला नाही तर बोजा आहेच. इथे बोजा उतरवणाऱ्या कागदाला न्यू जर्सीत डिस्चार्ज म्हणतात. दुसऱ्या राज्यात तोच सॅटिसफॅक्शन, रिलीज किंवा कॅलिफोर्नियात रीकन्व्हेयन्स होतो. मॉर्गेजच्या निर्देशिकेत काकांचं नाव शोधायचं आणि प्रत्येक मॉर्गेजपुढे त्याचा डिस्चार्ज आहे का ते बघायचं.

‘प्रत्येक’ म्हटलं ते उगाच नाही. १९८६ मध्ये घरकर्जाचा दर दहा टक्क्यांच्या आसपास होता. नव्वदच्या दशकात दर उतरले तशी आपल्या मंडळींनी एकदा नाही, दोन-दोनदा रिफायनान्स केली, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडलं. काकांनीही केलीच असेल. दर वेळी नवं मॉर्गेज, आणि दर वेळी जुन्याचा डिस्चार्ज नोंदला जायला हवा. त्यात एखादं तरी निसटलेलं असतं. सगळ्यात फसवी असते ती होम इक्विटी लाइन, म्हणजे घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज. छप्पर बदलायला किंवा मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेली, पै न पै फेडलेली, पण खातं बंद करा असं लेखी कधी सांगितलेलंच नाही. बँकेच्या लेखी बाकी शून्य, काउंटीच्या पुस्तकात बोजा जिवंत. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या घरांत हीच गाठ सर्वांत जास्त वेळा सापडते.

बरं, डिस्चार्ज मागायला जावं तर बँकच नाहीशी झालेली. ती दुसरीत विलीन झाली, दुसरी तिसरीत. हा माग काढता येतो. बँकांच्या विलीनीकरणाचा इतिहास एफडीआयसीच्या (बँकठेवींचा विमा उतरवणारी केंद्राची संस्था) संकेतस्थळावर बँकेच्या नावाने शोधता येतो, आणि बँक बुडाली असेल व तिचा कारभार एफडीआयसीने घेतला असेल तर बोजा उतरवण्याचा कागद त्यांच्याकडे अर्ज करून मागता येतो. एका प्रकरणात मला तीन बँकांमधून फिरून एकाच पानाचा कागद मिळवायला चार महिने लागले होते. कर्ज फिटल्याचा पुरावा, म्हणजे शेवटचं पेऑफ पत्र किंवा वटलेला चेक, घरात असेल तर वकील किंवा टायटल एजंट प्रतिज्ञापत्र करून बोजा उतरवू शकतात. तशी तरतूद इथल्या कायद्यात आहे. म्हणून काकूंना सांगा, काकांच्या फायली रद्दीत घालू नका. आपल्या पिढीतली माणसं वटलेले चेक रबर बँड लावून ठेवायची, ते आज सोन्याच्या मोलाचे आहेत. आणि हे काम घर बाजारात लावण्याआधी करा. गिऱ्हाईक सही करायला बसल्यावर नव्हे.

अजून एक. कोर्टाची देणी, म्हणजे जजमेंट्स, काउंटीत शोधत बसू नका. सुपिरिअर कोर्टाचा निवाडा नोंदला गेला की तो संपूर्ण राज्यातल्या मालमत्तेला लागतो, आणि तो शोध राज्याच्या राजधानीतल्या, ट्रेंटनच्या नोंदीत होतो. टायटल कंपनी तो करतेच. फक्त आडनाव शाह, पटेल किंवा जोशी असेल तर त्याच नावाच्या पंधरा परक्या माणसांची क्रेडिट कार्डं तुमच्या काकांच्या गळ्यात पडतील, आणि ‘तो मी नव्हेच’ असं प्रतिज्ञापत्र काकूंना द्यावं लागेल. त्यात अपमान वाटून घेऊ नका, रोजचंच आहे.

तुम्ही ‘फोयाचा अर्ज करू का’ असंही विचारलंय. नको. फोया हा १९६६ चा केंद्राचा माहिती अधिकाराचा कायदा, तो केंद्र सरकारच्या खात्यांना लागू. काउंटीला लागू होतो राज्याचा कायदा. न्यू जर्सीत तो ओप्रा, आणि साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. पण डीडसाठी ओप्राचीही गरज नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज इंडेक्स टूसाठी कोणी करतं का? नोंदवलेलं डीड मुळातच जगाला कळावं म्हणून नोंदवलेलं असतं. एकदा पुस्तकात चढलं की ते सगळ्यांना ठाऊक आहे असंच कायदा धरतो. म्हणून तुम्ही कोण, का बघताय, हे कोणी विचारत नाही. सरळ आत जायचं आणि बघायचं. मी नवी होते तेव्हा पहिले काही दिवस खिडकीपाशी ओळखपत्र हातात धरून उभी राहायचे. शेवटी एका वयस्कर कारकूनबाईंनीच सांगितलं, ‘अगं, ती पुस्तकं तुझीच आहेत.’

खिडकीवर बोलताना मात्र नेमकं बोला. ‘घराचे सगळे कागद द्या’ म्हटलंत तर काहीच मिळणार नाही. अमुक नावाचं, अमुक वर्षाचं डीड, अमुक ब्लॉक आणि लॉट, साधी प्रत हवी की शिक्क्याची, असं सांगा. ‘हे घर आता कोणाचं झालं’ असं विचारू नका. कायदेशीर सल्ला द्यायची त्यांना मुभा नाही, आणि तो प्रश्न कानावर पडताच त्यांचा चेहरा बंद होतो. महिनाअखेरीला जाऊ नका. तेव्हा क्लोजिंगची कागदपत्रं ढिगाने येतात.

आता मृत्यूचा दाखला. तो उघडं दप्तर नाही, म्हणून त्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद गावाच्या रजिस्ट्रारकडे आणि राज्याकडे असते, काउंटीकडे नाही. आणि गाव कोणतं? राहतं नव्हे. जिथे मृत्यू झाला ते. काका एडिसनला राहत होते पण रुग्णालय न्यू ब्रन्सविकचं असेल तर दाखला न्यू ब्रन्सविकचा. शिक्क्याची प्रत पत्नी, मुलं, नातवंडं, आईवडील, सज्ञान भावंडं यांना मिळते. पुतण्या त्या यादीत बसत नाही. म्हणजे अर्जावर सही काकूंची किंवा चुलत बहिणीची लागेल. प्रती दोन जास्तच घ्या. ॲपोस्टिल काउंटी करत नाही, ते राज्य करतं. न्यू जर्सीत हे काम ट्रेझरी खात्याकडे. भारत २००५ पासून हेग कराराचा सदस्य असल्याने दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. दाखल्यावरचं काकांचं नाव आणि पुण्याच्या करारनाम्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते पाठवण्याआधी बघा. इथे मधलं नाव आद्याक्षराने लिहितात आणि तिथे सोसायटीचे सेक्रेटरी त्यावर अडतात.

काकू टेक्ससला गेल्या की यातलं बरंच बदलेल. तिथे डीड, लग्नाचे परवाने आणि वारसाचं काम बहुतेक एकाच काउंटी क्लार्ककडे. घटस्फोट मात्र डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, आणि घराचं मूल्य ठरवणारं ॲप्रेझल डिस्ट्रिक्ट तिसरंच. तिथल्या डीडवर घराची खरी किंमतही दिसत नाही, आमच्याकडे दिसते. तुम्ही स्वतः कनेटिकटला असता असं लिहिलंय. तिथे तर १९६० पासून काउंटी सरकारच नाही, डीड टाउन क्लार्ककडे. न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटन, ब्रॉन्क्स, ब्रुकलिन आणि क्वीन्सची १९६६ पासूनची डीड्स घरबसल्या ॲक्रिस या शहराच्या संकेतस्थळावर दिसतात, स्टॅटन आयलंडसाठी मात्र तिथल्या काउंटी क्लार्ककडे वेगळं जायचं. व्हर्जिनियात माहितीचा कायदा फक्त त्या राज्याच्या नागरिकांसाठी, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तसाच राहू दिला. सगळी राज्यं पाठ करायची गरज नाही, माझीही नाहीत.

शेवटी ते पत्र, ज्याचा फोटो तुम्ही जोडलाय. गरुडाचं चित्र, ‘डीड प्रोसेसिंग’ अशी सरकारी वाटणारी अक्षरं, आणि तुमच्या डीडची शिक्क्याची प्रत हवी असल्यास शंभराच्या आसपास डॉलर पाठवा. ते काउंटीचं नाही. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ‘आम्ही सरकारी कार्यालय नाही’ असं लिहिलेलं असेल, भिंगाने बघा. तीच प्रत क्लार्कच्या खिडकीवर काही डॉलरांत मिळते. काकूंनी अजून चेक पाठवला नसेल तर पाठवू देऊ नका, आणि पाठवला असेल तर आजच बँकेला फोन करून थांबवा.